तीन मुसळांची कॅसेट

पेटी कुरमुऱ्यांनी मापणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

गोखिवऱ्याला त्याचा गाळा होता. गाडीच्या डिकीत ठेवतात त्या वूफरच्या पेट्या तो बनवायचा. म्हणजे बनवायचो मी, सुतार मी होतो. तो शेजारी उभा राहून शिव्या घालायचा. पेटी तयार झाली की स्पीकर बसवायच्या गोल भोकातून तो आत कुरमुरे ओतायचा. काठोकाठ. वरून फळी फिरवून सपाट करायचा. मग चादर अंथरून पेटी तिच्यावर पालथी करायचा आणि तेलवाल्याकडचं लिटरचं माप घेऊन ते कुरमुरे मोजत मोजत पोत्यात परत भरायचा. मधे कोणी हाक मारली की आकडा चुकायचा. मग सगळं पहिल्यापासून.

मी म्हणायचो, "बुवा, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करा आणि मोकळे व्हा की. मी चौथी शिकलोय, मलाही येतो."

"तुझ्या गुनाकाराला आतली आडवी पट्टी दिसते? कोपऱ्यातला गोंदाचा वळ दिसतो?"

"नाही."

"कुरमुऱ्याला दिसतो. चल, धर चादर."

आत हवा किती मावते त्यावर आवाज ठरतो, हे त्याचं म्हणणं. हवा जास्त झाली तर आवाज सैल पडतो, कमी झाली तर गुदमरतो. एका मापाचा फरक निघाला तरी माझ्याकडून मागची फळी उचकटून घ्यायचा. नंतर अगरबत्ती पेटवायचा आणि एका हाताने स्पीकरचा कागद हळू दाबत दुसऱ्या हाताने ती सांध्यासांध्यावरून फिरवायचा. धूर हलला की झालं, माझी आई-बहीण निघायची.

त्या कुरमुऱ्यांना गोंदाचा वास यायचा, कोणी तोंडात घालत नसे. बुवा मात्र पेटी पास झाली की त्यातलेच मूठभर खायचा. तेवढंच त्याचं शाबास.

सगळे त्याला बुवा म्हणायचे, कारण तरुणपणी गावच्या भजनात तो मृदंग वाजवायचा. मिठागराच्या बाजूचं गाव. पुढे कुठल्याशा कारखान्यात मशीनने डाव्या हाताची दोन बोटं नेली आणि मृदंग भिंतीला लागला. तो त्याने कोणाला दिला नाही, विकला नाही आणि स्वतः परत हातात घेतला नाही. पण मृदंगाशिवाय त्याला काही समजावता यायचं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, बेस वाढवा, की हा सुरू. "मृदंगाला डाव्या अंगाला कनीक लावतात, म्हाईत हाय? कमी लावली तर बोलत नाय. जास्त लावली तर बोंबलतो. तू मला जास्त कनीक लावायला सांगतोयस."

जीपवाल्याला कणकेचं काय कळणार? ते नव्वदच्या पुढचे दिवस होते. नालासोपाऱ्यात रोज नवी इमारत, रोज नवी जीप, आणि ज्याच्या जीपचा आवाज मोठा तो शेर. एक जण आला, गळ्यात जाड साखळी.

"बुवा, असा बेस द्या की पुढच्या गाडीची काच थरथरली पाहिजे."

"पुढच्या गाडीत तुझा बा बसलाय?"

"म्हणजे?"

"मंग त्याला कशाला ऐकवतोस? तू ऐक ना. आत बस. डोळं मिट."

तो खरंच बसला. बुवाने कॅसेट लावली. गाणं नाही, वाद्य नाही. नुसतं धप्, धप्, धप्.

"हे काय ओ?"

"मसाला कांडतायत. किती बाया हायेत ते सांग."

"मला काय माहीत? दोन?"

"तीन. तिघी वेगळ्या ऐकू येईपर्यंत उतरायचं नाय."

साखळीवाला शिव्या देत उतरला तो परत आला नाही. असे बरेच गेले. बुवाला त्याचं काही नसायचं. "गेला तो बहिरा होता," म्हणायचा आणि अगरबत्ती विझवून पुडीत परत ठेवायचा.

त्या कॅसेटचं सांगायला हवं, कारण ती आमच्या घरची आहे.

माझी बायको उन्हाळ्यात मसाला कांडायला जायची. आम्ही घाटावरचे, तुळिंजला चाळीत एक खोली. हिच्या हाताला लहानपणापासून मुसळ. तुळिंजच्याच आणखी दोन बाया आणि ही, अशा तिघी एप्रिल-मे महिन्यात वसईच्या पश्चिमेला वाड्यांमधून फिरायच्या. तिकडे ख्रिस्ती घरांत वर्षाचा मसाला एकदम करतात आणि बाटल्यांमधून ठासून भरून ठेवतात. मिरच्या दोन-तीन दिवस उन्हात, मग भाजणं, मग लाकडाच्या मोठ्या उखळीत तिघींनी पाळीपाळीने कांडणं. एकीचं मुसळ वर, दुसरीचं मधे, तिसरीचं खाली. चुकलं तर हात फुटतो. तोंडाला फडकं बांधायच्या, पण फडक्याने मिरची थांबते होय? संध्याकाळी घरी आली की हिच्या पदरातून, केसांतून मिरची उडायची. खोलीत मी शिंकायचो आणि ही हसायची. खोकायची पण. मसाल्याचा खोकला, त्याला कोण खोकला म्हणतं?

बुवा एकदा सायकलवरून त्या बाजूने जात असताना त्याने हे कांडण ऐकलं आणि सायकल रस्त्यात टाकून कुंपणाशी उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तुझी बायको कांडायला जाते ना? मला तिथं ने."

पुढच्या रविवारी गेलो. बुवाने कुठून तरी मोठा टेपरेकॉर्डर मिळवला होता. माझ्याकडे काम एकच, माइकची वायर उंच धरायची, जमिनीला टेकली तर धडधड येते म्हणून. घरच्या म्हाताऱ्या बाई ओट्यावर मिरच्यांचे देठ काढत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, माझा मसाला व्हायचा आहे की तुमचं सिनेमाचं काम?"

"मसाला होऊ द्या बाय. फक्त बोलू नका."

"माझ्याच दारात मी बोलायचं नाही?"

तिघी बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या. एक म्हणाली, बांगड्या वाजतील, काढून ठेवू का? बुवा तिच्यावर ओरडला, "राहू दे! बांगडी ऐकू येते का तेच तर बघायचंय."

मधलं मुसळ हिचं होतं. खैराचं, मी घरी तासलेलं. खालचं लोखंडी कडं जरा सैल राहिलं होतं, त्यामुळे ठोका पडला की मागून बारीक टिच् असा आवाज यायचा. मी म्हटलं, बुवा, थांबा, कडं ठोकून देतो. तर म्हणाला, "हात लावशील तर हात तोडीन."

पुढे सगळ्या पेट्यांची परीक्षा त्या टिच् वर झाली. जाड ठोका पेटीने द्यायचा आणि लगेच गप्प व्हायचं. गप्प झाली तरच गाडीतल्या पुढच्या छोट्या स्पीकरमधून टिच् ऐकू येणार. "ठोका येनं सोपं हाय सुतार, ठोका जानं अवघड. आला तसा गेला पायजे. मागं रेंगाळला की त्याच्याखाली सगळं मरतं."

कॅसेट लावायची त्याची एक खोड होती. ठरावीक जागी त्याचं बोट स्टॉपवर पडायचं. ठोके आणखी चालले असणार, बाजू संपलेली नसायची, पण त्याच्या पुढे त्याने कधी कोणाला ऐकवलं नाही. मी एकदा विचारलं, पुढे काय आहे?

"काय नाय. कुत्रं भुंकतं."

बुवाकडे मी सहा वर्षं काढली. मग सोडलं. त्याने काही वाईट केलं नव्हतं. मला कंटाळा आला होता. बाहेर साधी गोष्ट होती. पेटीला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा बसवायचा, म्हणजे नळीची पेटी. तिच्यातून त्याच स्पीकरचा आवाज दुप्पट वाटतो. एका सुरावर तर अशी ओरडते की छातीत बसते. पोरांना तेच हवं होतं. बुवा नळीच्या विरुद्ध नव्हता, हे खरं सांगायला हवं. "नळी वाईट नाय, नळी कापनारा वाईट," म्हणायचा. बोटभर कापून ऐकायचा, परत बोटभर कापायचा, एका नळीत दिवस घालवायचा. मला ते नको होतं. मी एक लांबी ठरवली आणि सगळ्यांना तीच लावली. जो सूर ओरडायचा तो ओरडायचा.

निघताना तो भांडला नाही. त्या कांडणाची नक्कल करून माझ्या हातात दिली. "पेट्या कशाही बनव. पन यावर तपासत जा." नक्कलही तेवढीच होती, तो जिथे थांबवायचा तिथपर्यंत.

माझा धंदा चालला. त्याच गल्लीत चार गाळे सोडून पाटी लावली. मैदानात मोठ्या आवाजाची शर्यत ठेवायचे, जिपा ओळीने उभ्या करून, त्यात माझी पेटी दोनदा पहिली आली. काचेवर माझा स्टिकर लावून पोरं फिरायची. ही डबा घेऊन गाळ्यावर आली तेव्हा मी हौसेने एका जीपमध्ये तिला बसवलं आणि तिचीच कॅसेट लावली. म्हटलं, बघ, तुझं मुसळ कसं घुमतं.

तिने दोन मिनिटं ऐकलं. म्हणाली, "अहो, तुमच्या पेटीत तिघी एकच बाई झाल्यात की."

"तुला काय कळतंय?"

"मला माझं मुसळ कळतंय." आणि डब्याची पिशवी घेऊन निघाली. गल्लीच्या तोंडाला लागेपर्यंत खोकत होती.

त्याच उन्हाळ्यात बुवा माझ्या गाळ्यात आला. सोडल्यापासून पहिल्यांदा. भर दुपार, मी पाइप कापत होतो. त्याने स्टुलावरची धूळ झटकली आणि बसला. पाणी दिलं ते प्यायला नाही.

"सुतार, वयनीला डॉक्टरला दाखव."

"का? काय झालं?"

"मी नवीन पेटी लावली काल. ती कॅसेट पुन्हा ऐकली. मधल्या मुसळानंतर, टिच् झाल्यावर, ती श्वास घेते ना, तो अडतो. लाकडात गाठ आली की करवत कशी क्षनभर अडते, तसा. बाकी दोघींचा अडत नाय. मी वीस वेळा ऐकलं."

मी हसलो. मग मला राग आला. जुनी कॅसेट, काढल्याला वर्षं झालेली, आणि हा माणूस त्यातून माझ्या बायकोचा आजार काढतो. मी त्याला माझ्या दारातल्या जीपमध्ये बसवलं, नक्कल लावली आणि म्हटलं, दाखव कुठे अडतो.

भुम्म, भुम्म, भुम्म. दोघांनी ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही.

"या डब्यात नाय ऐकू येनार. याच्या ठोक्याच्या शेपटाखाली बाई मेली तरी कळनार नाय. माझ्या गाळ्यावर चल."

हे शब्द त्याने तसेच उच्चारले. आणि मी काय बोललो तेही लिहितो, लपवून काय करू? मी म्हटलं, "तुमची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली म्हणून माझ्या बायकोला आजारी पाडता काय? म्हातारपणी लाज सोडलीत. उठा इथून."

तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, "माझ्यावरचा राग माझ्यावर काढ." एवढंच. चार गाळे चालत गेला.

मी हिला काही सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ती खोकायची, मी म्हणायचो, मिरची बंद कर. ती म्हणायची, हा एक उन्हाळा करते. असे आणखी चार उन्हाळे झाले.

पाचव्या उन्हाळ्यात तिला मुसळ उचलेना. पावसाळ्यात जिना चढेना. दिवाळीनंतर मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरने फोटो उजेडाला धरला. म्हणाला, छाती आतून कडक झाली आहे, एका वर्षाचं हे काम नाही. मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? त्याने फोटो खाली ठेवला आणि मलाच विचारलं, "लवकर म्हणजे कधी? काही आधी लक्षात आलं होतं का?"

मी नाही म्हटलं. ही पलंगावर होती, तिच्यासमोर नाही म्हटलं.

माघ महिन्यात गेली. शेवटी शेवटी तिचा श्वास सगळ्या खोलीला ऐकू यायचा. त्यासाठी पेटी लागत नव्हती.

दहाव्याला बुवा आला. तोपर्यंत त्याचा गाळा बंद झाला होता. तयार पेट्या बाजारात आल्या होत्या, कुरमुऱ्यांनी मापलेली पेटी कोणाला हवी होती? तो वाळला होता. पिंडाच्या वेळी लांब उभा राहिला. कावळा शिवेपर्यंत तिथून हलला नाही. मला वाटलं, आता म्हणेल. मी वाट बघत होतो, म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला नाही. निघताना खिशातून कॅसेट काढून माझ्या हातात दिली. नक्कल नाही, त्याची स्वतःची, अक्षर पुसलेली.

"ही तुझ्या घरची वस्तू. नळीवर लावू नको." मग थोडं थांबून, "आनि शेवटपर्यंत ऐकलीच पायजे असं नाय."

वर्षभरात तोही गेला. मी मातीला गेलो नाही. मला उशिरा कळलं असं मी सांगतो. ते खोटं आहे, त्याच दिवशी कळलं होतं.

कॅसेट मी देवाच्या फळीवर ठेवली. दोन वर्षं ठेवली. लावायला माझ्याकडे पेटीच नव्हती. गाळाभर पेट्या, आणि एकीवर लावण्यासारखी नाही.

मग एकदा घेतलं मनावर. अठरा मिलिमीटरचं प्लाय आणलं. मधे आडवी पट्टी दिली, कोपऱ्यात गोंदाचा वळ दिला, आत जुन्या गादीचा कापूस भरायला काढून ठेवला. कुरमुऱ्यांचं पोतं आणलं. भोकातून ओतले, फळी फिरवली, चादरीवर पालथे केले आणि लिटरच्या मापाने मोजायला बसलो. पहिल्या वेळी दोन मापं जास्त भरली. मागची फळी उचकटली, आत एक ठोकळा चिकटवला. पुन्हा मोजली. शिव्या घालायला कोणी नव्हतं म्हणून काम सावकाश झालं. कापूस भरून स्पीकर बसवला, अगरबत्ती फिरवली, धूर सरळ वर गेला. मूठभर कुरमुरे तोंडात टाकले. गोंदाचा वास येतोच.

गाळ्यामागे एक भंगारातली व्हॅन उभी असते. तिच्यात पेटी ठेवली, पुढे टेप आणि छोटे स्पीकर लावले, बॅटरी जोडली, दार लावून घेतलं. सकाळची दहाची वेळ होती. डोळे मिटले आणि कॅसेट लावली.

तीन बाया होत्या. पहिल्या ठोक्याला कळलं. पहिली जड हाताची, तिसरी घाईची, आणि मधली आमची. ठोका आला तसा गेला. मागून टिच्. मग बांगडी. आणि बांगडीच्या मागे श्वास, आणि तो अडला. करवत गाठीला अडते तसाच. बुवाने शब्द बरोबर निवडला होता, सुताराला कळेल असाच निवडला होता. दर ठोक्याला अडत होता. मी पन्नास वर्षं करवत चालवली, हाताला गाठ लगेच कळते. कानाला कळवून घ्यायची होती तेव्हा मी पाइप कापत होतो.

तो जिथे थांबवायचा ती जागा आली. माझं बोट उचललं गेलं होतं. मी ते स्टॉपवरून मागे घेतलं.

कुत्रं नव्हतं. ठोके चालले होते. मग हिचा एक ठोका चुकला आणि बाकीची मुसळं थांबली. हिचा आवाज आला. फडक्यातून, दमलेला, पण हसतच:

"अहो, जरा दम खाऊ का? छातीत भरल्यासारखं होतंय."

आणि एका पुरुषाचा आवाज आला, अगदी माइकजवळ. मला वाटलं बुवाचा. बुवाचा नव्हता. वायर धरून जो उभा होता त्याचा होता.

"आता थांबू नकोस. टेप चालू आहे."

मग तिने मुसळ उचललं. ठोका पडला. मागून टिच्.